आकाशातून नहरीचा माग



जुने अवशेष आकाशातून शोधायचे, तर वाळवंटासारखी सोय दुसरीकडे नाही. झाड नाही, पीक नाही, नांगर नाही. १९८१ साली 'कोलंबिया' यानानं सहारावर रडारचा झोत टाकला, तेव्हा कोरड्या वाळूखाली बुजलेली नद्यांची पात्रं चित्रात उमटली. पुढं ओमानमध्ये उंटांच्या जुन्या वाटा एका ठिकाणी येऊन मिळताना दिसल्या. शिस्र नावाच्या त्या जागी खोदलं, तर गढी निघाली. वर्तमानपत्रांनी लगेच तिला दंतकथेतलं 'उबार' शहर ठरवून टाकलं. विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते अफगाणिस्तानातलं काम. तिथं युद्धामुळे पायी हिंडायची सोय नाही, म्हणून शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रं चाळली. दक्षिणेच्या वाळवंटात ११९ सराया सापडल्याचं २०१७ साली जाहीर झालं. दोन सरायांमधलं अंतर साधारण वीस किलोमीटर, म्हणजे काफिल्याची दिवसभराची मजल. काळ सोळाव्या शतकाची अखेर आणि सतरावं शतक. समुद्रमार्ग सापडला आणि खुष्कीचा व्यापार बसला, असं आपण शाळेत घोकलं होतं. या सरायांची साक्ष वेगळी आहे.

त्याच सुमारास, १६१० मध्ये, मलिक अंबर आपलं हे शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), खडकी या नावानं वसवत होता. हा हबशी माणूस गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनेत आलेला. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं, ही त्याच्या नहर-ए-अंबरीची युक्ती इराणी कारेझच्या घराण्यातली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही त्याच काळातला, १६१५चा. वाळवंटातली कारेझ वरून चटकन ओळखू येते. बोगद्यावर ठरावीक अंतरानं उघडी तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडाभोवती उपसलेल्या मातीचं कडं. ओवलेल्या मण्यांसारखी ती रांग मैलोन्‌मैल जाते.

आपल्याकडे मात्र रांग तुटते. काळी माती ओल धरून ठेवते आणि रडारची लहर त्या ओलीतच जिरते. वर मका, कपाशी, आणि आता प्लॉटिंग! म्हणून इथं युक्त्या वेगळ्या लागतात. एक, चित्रं एप्रिल-मेची घ्यायची. रान वाळलेलं असताना एखादी सरळ हिरवी रेघ उरली, तर खाली पाणी झिरपत असण्याचा संभव असतो, आणि अवरक्त किरणांच्या चित्रात ती रेघ ठसठशीत दिसते. दुसरी, चित्रं बारकाव्याची हवीत. २००५च्या 'कार्टोसॅट-१'ला अडीच मीटरपर्यंतचं दिसायचं. मीटरभराचं तोंड त्यात हरवणारच. २०१९चा 'कार्टोसॅट-३' पाव मीटरच्या आसपासचं टिपतो.

पण माझा खरा भरवसा जुन्या चित्रांवर आहे. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचे 'कोरोना' हेरउपग्रह फिल्मवर फोटो काढत. फिल्मचा डबा पॅराशूटनं खाली यायचा आणि विमान तो हवेतच झेलायचं. काय हा खटाटोप! शत्रूची क्षेपणास्त्रं मोजायला काढलेली ही आठ लाखांहून अधिक चित्रं १९९५ साली खुली झाली. सिडको वसण्याआधीच्या आपल्या शिवारातल्या नहरी शोधायच्या, तर अशाच चित्रांपासून सुरुवात करायला हवी. आज ज्या तोंडांवर घरं उभी आहेत, ती तोंडं आजचा कितीही तीक्ष्ण उपग्रह दाखवू शकणार नाही.

उपग्रह जागा सुचवतो, एवढंच. ती रेघ नहरीची, की मागल्या वर्षी पुरलेल्या पाइपलाइनची, हे शेतात जाऊनच कळतं. 'इस्रो'चं 'भुवन' संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना खुलं आहे. महाविद्यालयातल्या मुलांनी त्यावर आपलं गाव काढून बघावं. आणि हर्सूल, सावंगी, जटवाडा परिसरातल्या शेतकरी बांधवांना विनंती, की तुमच्या बांधावर दगड-चुन्यानं बांधलेलं जुनं तोंड असेल, तर मुरूम टाकून बुजवू नका. आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.