मिरिसाच्या समुद्रातले निळे देवमासे

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, मातारा जिल्ह्यात, मिरिसा हे मासेमारीचं गाव आहे. कोलंबोपासून रस्त्यानं सुमारे दीडशे किलोमीटर. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत इथल्या बंदरातून रोज सकाळी पर्यटकांच्या बोटी निघतात, त्या निळा देवमासा पाहण्यासाठी. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी. अंटार्क्टिकाच्या समुद्रात तो तीस मीटरपर्यंत वाढतो. श्रीलंकेजवळचा त्याहून लहान असतो, तरी वीस मीटरच्या पुढे सहज जातो. किनाऱ्याच्या इतक्या जवळ तो नेमानं दिसावा, अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

मिरिसाला हे भाग्य लाभलं ते समुद्राच्या तळामुळे. कोकणच्या किनाऱ्यापासून समुद्र खूप दूरपर्यंत उथळ राहतो. मिरिसाच्या पूर्वेला डोंड्राचं भूशिर आहे, तिथे मात्र काही किलोमीटरवरच तळ एकदम खाली उतरतो आणि पाणी हजार मीटरहून खोल होतं. डोंड्राच्या थेट दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. तळाच्या या उतारालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर जगणारी बारीक कोळंबी थव्यांनी जमते. देवमासा येतो तो या कोळंबीसाठी. इतर समुद्रांतले निळे देवमासे क्रिल नावाच्या जीवांवर जगतात. इथल्यांचं खाणं वेगळं आहे, हे श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी वोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. या कामाची सुरुवात 2003 मध्ये झाली. संशोधन नौकेवर असताना डी वोस यांना देवमाशांचा एक समूह दिसला आणि त्याच जागी पाण्यावर तरंगणारी लालसर विष्ठाही. विष्ठा आहे म्हणजे प्राणी इथेच खातो आहे. उष्ण समुद्रात निळे देवमासे फक्त विणीसाठी येतात आणि खातात ते थंड पाण्यात, ही समजूत त्या दिवसापासून डळमळली. उत्तर हिंद महासागरातले हे देवमासे ध्रुवाकडे जातच नाहीत. वर्षभर ते याच उष्ण पाण्यात फिरतात.

त्यांचा काही काळ अरबी समुद्रात जातो, असं अभ्यासक मानतात. 2015 मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांना जिवंत निळे देवमासे दिसले. त्यामुळे मिरिसाला जाणारा मराठी प्रवासी परक्या समुद्रातला अगदी परका प्राणी पाहत नसतो.

आज दिसणारे देवमासे हे मोठ्या कत्तलीतून उरलेल्यांचे वंशज आहेत. 1960 च्या दशकात सोव्हिएत शिकारी जहाजांनी या समुद्रात हजाराहून अधिक निळे देवमासे चोरून मारले. 1979 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं हिंद महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र ठरवला आणि व्यापारी शिकार थांबली. पुढे श्रीलंकेत यादवी युद्ध होतं. ते 2009 मध्ये संपलं, पर्यटक परतले आणि मिरिसाच्या कोळ्यांना मासेमारीच्या जोडीला दुसरा धंदा मिळाला.

बोटी साधारण साडेसहा-सातला निघतात, कारण सकाळी वारा कमी असतो आणि शांत पाण्यावर फवारा लांबून दिसतो. फेरी तीन ते पाच तासांची असते, कधी त्याहून जास्त. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना इथे बोट लागण्याची शक्यता मोठी; डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर ती उपयोगी पडत नाही. पोट रिकामं नसावं आणि तुडुंब भरलेलंही नसावं. मळमळू लागलं तर नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलवर नको. लाइफ जॅकेट सगळ्यांनी शेवटपर्यंत घालून ठेवायचं असतं. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, कारण पाण्यावरून परतणारं ऊनही भाजतं.

पहिली खूण म्हणजे फवारा. तो पाण्याचा नसतो. देवमासा सस्तन प्राणी आहे. वर आल्यावर तो जोरानं श्वास सोडतो आणि फुप्फुसातली दमट हवा सरळ वर उडते, दुमजली घराइतकी. मग करडी-निळी, ठिपक्याठिपक्यांची पाठ पाण्यातून सरकू लागते. ती सरकतच राहते, बराच वेळ. अखेरीला पाठीवरचा पर दिसतो, आणि तो एवढ्या मोठ्या देहाला अगदीच इवला असतो. अनेक श्वास झाले की देवमासा खोल बुडी मारतो. इथले निळे देवमासे बुडताना पुष्कळदा शेपूट पाण्याबाहेर काढतात, आणि शेपटीच्या कडा व खुणांवरून संशोधक एकेक देवमासा ओळखतात. बुडी साधारण दहा-पंधरा मिनिटांची. तेवढा वेळ थांबणं हा या सहलीचा मोठा भाग आहे. दरम्यान गिरक्या घेत उडणारे स्पिनर डॉल्फिन, समुद्री कासवं आणि उडते मासे दिसतात. नशीब असेल तर स्पर्म व्हेलही. कधी काहीच दिसत नाही. समुद्राची हमी कुणी देऊ नये.

खोल पाणी किनाऱ्याशी आल्यामुळे देवमासे आले, आणि जहाजंही. डोंड्राच्या दक्षिणेला जगातला एक अतिशय गजबजलेला जहाजमार्ग आहे. मार्च 2012 मध्ये एक मालवाहू जहाज कोलंबो बंदरात आलं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला निळ्या देवमाशाचं प्रेत अडकलेलं होतं. मार्ग थोडा दक्षिणेला सरकवावा अशी संशोधकांची जुनी मागणी आहे. 2022 मध्ये एमएससी या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीनं आपली जहाजं स्वतःहून अधिक दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. हे चांगलं झालं, पण बाकीची जहाजं जुन्याच मार्गावर राहिली तर ते अपुरं आहे.

उरतो प्रश्न सहलीच्या बोटींचा. श्रीलंकेच्या नियमांप्रमाणे बोटीनं देवमाशापासून शंभर मीटर दूर राहायला हवं. गर्दीच्या दिवसांत मात्र एका देवमाशामागे अनेक बोटी धावताना दिसतात. वाट अडवली की तो पुरेसे श्वास न घेता बुडतो आणि त्याचं खाणं मोडतं. प्रवाशांनी ‘अजून जवळ न्या’ म्हटलं की नावाडी नेतो, कारण त्याचं पोट त्यांच्यावर आहे. म्हणून इथे प्रवाशाचा शब्द कायद्याइतकाच मोलाचा आहे. तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: बोट अंतर पाळते का, आणि देवमासा दिसल्यावर वेग कमी करून बाजूनं चालते का. हो म्हणणारी बोट थोडी महाग असली, तरी त्याच बोटीत बसावं.