सातपुड्याच्या गाडवाटा
(पांढुर्णा येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अलीकडे सुट्टीच्या दिवशी काही गाड्या आपल्या भागात डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे वळताना दिसतात. उंच, रुंद टायरच्या, टपावर तंबू बांधलेल्या. त्यांतील मंडळींना ना देवदर्शनाला जावयाचे असते, ना बाजाराला. त्यांना वाट हवी असते, तीही शक्य तितकी बिकट. आणि वाटेच्या शेवटी रात्रीच्या मुक्कामाला एखादी निवांत जागा. ज्या पांदणीतून बैलगाडी काढताना आपला जीव मेटाकुटीला येतो, तिच्यातून पदरचे पैसे खर्चून हौसेने जाणारा मनुष्य आपल्याला वेडाच वाटावयाचा! परंतु या वेडाचा संबंध आपल्या जमिनीशी व जंगलाशी येतो. म्हणून आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

आपला प्रदेश अशा भ्रमंतीस अनुकूल आहे, यात शंका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके सातपुड्याच्या दक्षिण उताराशी वसलेले आहेत. पांढुर्ण्याहून मुलताईकडे चढू लागले, की काही कोसांतच आपण देशातील एका मोठ्या जलविभाजकावर येतो. मुलताईला उगम पावणारी तापी अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात उगवणारी वर्धा आणि आपल्या जाम व कन्हान या नद्या यांचे पाणी मात्र गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराकडे जाते. सौंसरकडून सिल्लेवानीचा घाट चढला की छिंदवाड्याचे पठार लागते. आणि त्याहीपुढे तामिया. तेथून खाली पाहिले असता हजार फुटांहून अधिक खोल असे पाताळकोटाचे खोरे दिसते. तेथे भारिया व गोंड बांधवांची बारा गावे आहेत.

आता वाट शोधावयाची कशी? भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे हे यातील पहिले साधन. आपला भाग जुन्या क्रमांकाप्रमाणे ‘५५ के’ या विभागात येतो. या नकाशांवर गाडवाटा व पाऊलवाटा तुटक रेघांनी दाखविलेल्या असतात. लगतच्या दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर असते. रेघा दाट झाल्या की चढ उभा आहे, असे समजावे. आमच्या शिक्षक मित्रांनी भूगोलाच्या तासाला हा नकाशा एकदा तरी मुलांपुढे उलगडावा. स्वतःच्या गावची टेकडी रेघांत ओळखताना मुलांना जो आनंद होतो, तो पुस्तकातील आल्प्स पर्वताने होत नाही.

परंतु ही पांदण आषाढात चालू असते की नाही, नाल्याचा उतार गेल्या पुरात खचला की काय, हे नकाशा सांगत नाही. ते गुराख्याला ठाऊक असते. आपल्याकडच्या डोंगरवाटा कोणा प्रवाशाने शोधून काढलेल्या नाहीत. गुरे, मोहफुले, तेंदूपत्ता आणि महादेवाची यात्रा यांनी त्या पाडल्या. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणाऱ्या विदर्भातील भाविकांना आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला जाणाऱ्यांना सातपुड्याच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत.

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी, पोळा व गोटमार आटोपून आठवडा झाला असताना, आम्ही जीपने सौंसरपलीकडील एका टेकडीकडे निघालो. पांदणीत काळ्या मातीचा चिखल होता. चालक म्हणाला, “साहेब, येथून पायी जाऊ.” मी म्हटले, “शेजारून घे, गवतावरून.” चारही चाकांना इंजिनचे बळ असलेली गाडी होती, तिचा मला मोठा भरवसा. शंभर पावलांवर ती आसापर्यंत रुतली. एका वयस्क शेतकऱ्याने बैलजोडी आणून ती ओढून काढली. पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, गाडी निघाली, पण पाण्याला वाट करून दिली तुम्ही.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या वर्षी कळला. आमच्या चाकांनी गवताची मुळे तोडली होती आणि माती दाबून उताराच्या दिशेने दोन पन्हाळी पाडल्या होत्या. एका पावसाळ्यात त्यांचा गुडघाभर खोल ओघळ झाला, शेताचा धुरा फुटला आणि वरची सुपीक माती नाल्यात गेली. शेतकऱ्याने स्वतः दगड वाहून ओघळीत आडवी पाळ घातली होती. जुनी गाडवाट पिढ्यांच्या चाकांनी घट्ट झालेली असते व पाणी बाजूला काढून देण्याची तिची सोय गावाने केलेली असते. म्हणून जुन्या चाकोरीतूनच जावे. ती ओली असेल तर परत फिरावे. काळ्या मातीच्या भागात मार्गशीर्षापूर्वी गाडी घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जंगलाचे नियम थोडक्यात सांगतो. राखीव वनात विनापरवाना शिरणे व आग पेटविणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव अधिनियम याहून कडक आहे. पेंच व सातपुडा व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात ठरलेल्या द्वारांतून, ठरलेल्या वाहनांतूनच जाता येते. तेव्हा नाकेदाराला व ग्रामपंचायतीला विचारूनच मुक्कामाची जागा ठरवावी. ती नाल्याच्या पात्रात नसावी, पाणवठ्याला लागूनही नसावी. रात्री तेथे जनावरे पाण्याला येतात.

विस्तवाबद्दल मात्र अधिक बोलावेसे वाटते. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागतो तेव्हा सागाचा पाचोळा वाळून कोळ झालेला असतो. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची आपलीही सवय आहे. तीतून वणवे लागतात, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आपणच काडी ओढली, तर पाहुण्याला शेकोटी विझव म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? स्वयंपाक गावात करावा, जेवून तंबूत जावे.

गावात स्वयंपाक झाला तर चार पैसे गावातच राहतील. तामिया भागातील सावरवानी येथे आदिवासी कुटुंबे पर्यटकांना आपल्या घरी उतरवून घेतात. पाहुणा चुलीवरची भाकरी खातो आणि गावचाच माणूस वाटाड्या म्हणून बरोबर जातो. आपल्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत, आणि मराठी व हिंदी दोन्ही बोलणारी माणसे आहेत. कोणती पांदण गाड्यांसाठी मोकळी ठेवावयाची, कोणती बंद, आणि वाटाड्याला काय द्यावयाचे, हे ग्रामसभेने आधी ठरविलेले बरे. गाड्या येऊन गेल्यावर ठरविण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मागच्या टेबलावर आपल्या भागाचा नकाशा पसरून ठेवला आहे. त्याची पाहणी होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. आपल्या गावची पांदण त्यावर बरोबर आली आहे की नाही, हे पाहून चूक असल्यास तेथील वहीत नोंदवावे. पेन्सिलही ठेवली आहे.