नाव हरवलेले लोक



मेक्सिकोच्या प्रवासात वाट थोडी वाकडी करून मी ताबास्को राज्यातील व्हियाएर्मोसा शहरी गेलो. तेथील ला व्हेंटा उद्यानात, गर्द झाडीत, ओल्मेक लोकांनी घडविलेली प्रचंड दगडी मस्तके आहेत. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हा दगड दूरच्या तुश्त्ला डोंगरांतून आणला गेला. ओझ्याला बैल नाही, गाडी नाही. सारे माणसांच्या बळावर! मूळ जागी तेलाच्या शोधामुळे हे अवशेष धोक्यात आले, तेव्हा कार्लोस पेयिसेर या कवीने पुढाकार घेऊन ते येथे हलविले. १९५८ साली उद्यान खुले झाले.

मका व कोको यांचे पोसोल हे पेय स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासूनचे. तेथील लोक ते आजही आवडीने पितात. दगड टिकला, चव टिकली. नाव मात्र बुडाले. 'ओल्मेक' हा शब्द पुढच्या काळातील अझ्टेकांच्या भाषेतला. अर्थ, रबराच्या मुलुखातले लोक. ते स्वतःला काय म्हणत, हे आज कोणालाच सांगता येत नाही, कारण तसे वाचता येईल असे लेखन मागे उरले नाही.

मुलामुलींनो, या सुट्टीत एक वही घ्या. दादी-नानीजवळ बसा आणि वाडवडिलांची, गावाची हकिगत लिहून काढा. पालकहो, ही वही मुलीच्याही हाती द्या. एवढे कार्य घरोघर झाले, तर संस्थेच्या श्रमांचे चीज होईल.

खुदा हाफिज.