रोप उपटतानाच कांदा ठरतो

(चाकण परिसरातील कांदा उत्पादकांच्या बैठकीत झालेले भाषण)



उन्हाळ कांद्याच्या लागणी तोंडावर आल्या म्हणजे आपल्या गावात दोनच गोष्टी बोलल्या जातात. टोळी मिळाली का, आणि एकराला काय घेते. मी आज तिसरी गोष्ट बोलणार आहे, ती म्हणजे रोपाच्या मुळाची.

भावाविषयी बोलणार नाही. त्याची जाण चाकणला कुणी द्यायला नको. १९८० साली याच चाकणच्या रस्त्यावर कांदा उत्पादक बसले, ते भावासाठीच बसले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली, आणि उठली तीही ४० टक्के शुल्क मानगुटीवर ठेवून. ते शुल्क पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. हा लढा वेगळा आहे आणि तो करायचाच आहे. पण जो पैसा सरकार नेत नाही, व्यापारीही नेत नाही, जो आपल्याच वाफ्यात गाडला जातो, त्याचा हिशेब आपणच मांडायला हवा.

कुणी म्हणेल, पीक वाढवून काय करायचे, जास्त पिकले की भाव पडतो. बरोबर आहे. मी पीक वाढवा म्हणत नाही. बियाण्याचा, नांगरटीचा, खताचा, मजुरीचा खर्च ज्या रोपावर करून झाला, ते रोप मरू देऊ नका, एवढेच म्हणतो. पीक न वाढवताही क्विंटलमागचा खर्च कमी होतो, तो असा.

आता हिशेब करा. दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर धरले, तर बांध-पाट सोडून एकरात अडीच लाख रोपे बसतात. शंभरातली दहा गेली, तर पंचवीस हजार नांगे पडले. कांदा सरासरी साठ ग्रॅमचा धरा. पंधरा क्विंटल झाले. शेजारचा कांदा मोकळी जागा पाहून थोडा फुगतो, हे खरे. पण त्यातले काही जोडकांदे निघतात, आणि त्याला बाजारात कोण विचारतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

बरे, ही रोपे मरतात कुठे? आपण म्हणतो, लागण नीट झाली नाही, पाणी उशिरा मिळाले. माझे म्हणणे असे, की रोप वाफ्यातून ओढतानाच निम्मे मेलेले असते. रानात ते फक्त दिसते.

कांद्याचे मूळ कसे असते ते एकदा धुऊन हातावर घेऊन पाहा. टोमॅटो, मिरचीच्या मुळाला फाट्यावर फाटे असतात, त्यावर बारीक केसमुळे असतात. कांद्याच्या मुळाला फाटे फार थोडे, केसमुळेही थोडीच. पांढऱ्या दोऱ्यांचा झुपका, तो सगळा एका बुडातून निघालेला. दोरा तुटला की तुटल्या जागी झटकन फाटे फुटत नाहीत. नवे मूळ यायचे ते बुडातूनच यावे लागते. तोवर रोप जगते ते पातीत साठलेल्या पाण्यावर. मुळे थोडी तुटली तर चार दिवसांत सावरते. सगळी तुटली तर माना टाकते. आणि बुडालाच जखम झाली तर नवी मुळे यायची जागाच गेली, वर जमिनीतली बुरशी त्याच जखमेतून आत शिरते.

पुष्कळ जण सांगतात, कांद्याचे रोप चिवट असते, कसेही लावा, जगते. जगते, मान्य. पण वेळेवर लागत नाही. एक रोप चौथ्या दिवशी सावरले, शेजारचे बाराव्या दिवशी, की पुढचे सगळे पीक मागेपुढे होते. काढणीला अर्ध्या वाफ्याच्या माना पडलेल्या आणि अर्धा वाफा हिरवा. आपण सगळा एकदमच काढतो. जाड मानेचा, न पिकलेला कांदा चाळीत जातो, सडतो आणि आपल्यासोबत शेजारचे चार चांगले नासवतो. श्रावणात चाळ उघडल्यावर जो वास येतो, त्याचे एक कारण पौषातल्या लागणीत असते.

मग मुळे तुटतात का? आपल्या बायांना काम येत नाही म्हणून? मुळीच नाही. ज्या हातांनी तीस वर्षे लागण केली त्यांना मी काय शिकवणार? मुळे तुटतात ती आपण ज्या रीतीने मजुरी ठरवतो त्यामुळे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी इथे कारखाने आले. त्याच्या आधी पिंपरी, आकुर्डी, भोसरीची शिवारे गेली होती. जमीन ज्यांची राहिली त्यांच्या शिवारातले हात कंपनीच्या गाडीत बसून गेले. त्यांनी जावेच. बारा महिने पगार मिळत असेल तर आठ दिवसांच्या लागणीसाठी कुणी का थांबावे? पण त्यामुळे आता लागण उक्ती झाली. उपटणे आणि लावणे मिळून एकराचा एकच आकडा. टोळी टेंपोतून उतरते आणि दिवस मावळायच्या आत तिला दुसऱ्याचे रान गाठायचे असते. लावलेले रान मालकाला दिसते, उपटलेले मूळ कुणी बघत नाही. म्हणून घाई व्हायची ती उपटण्यातच होते. मूठभर पात धरली, हिसका दिला, माती झाडायला जुडी आपटली, की झाले. दोष टोळीचा नाही, आपल्या सौद्याचा आहे.

तेव्हा पहिली गोष्ट. उपटण्याचे काम उक्त्यातून काढा. ते रोजाने द्या, घरच्या किंवा माहितीच्या दोन-तीन माणसांना द्या. लावणे हवे तर उक्ते राहू द्या.

दुसरी गोष्ट वाफ्याची. सपाट वाफ्यात दाट बी फोकले की मुळे एकमेकांत गुंततात, मग कितीही हळू ओढा, तुटणारच. एकराच्या लागणीला दोन गुंठे रोपवाटिका आणि दोन ते तीन किलो बी पुरते. गादीवाफा मीटरभर रुंद, दहा-पंधरा सेंटिमीटर उंच करा. बी पाच ते सात सेंटिमीटरवर ओळीत टाका. राजगुरुनगरला १९९८ पासून कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आज ते संचालनालय आहे. चाकणहून एसटीने जाऊन बघून येता येते. त्यांचीही शिफारस गादीवाफ्याचीच आहे.

तिसरी, वयाची. रब्बीचे रोप पन्नास ते पंचावन्न दिवसांचे घ्या. टोळीची वाट बघत ते सत्तर दिवसांचे झाले, की मुळे लांब होऊन जास्त तुटतात आणि पुढे डेंगळे येण्याची भीती वाढते.

चौथी, उपटायची रीत. शेवटचा आठवडा पाणी कमी करा म्हणजे रोप काटक होते. पण उपटायच्या आदल्या दिवशी वाफा भिजवाच. कोरड्या मातीतून मूळ वर येत नाही, ते खालीच राहते. आधी खुरप्याने ओळीखालची माती उचला, मग चार-पाच रोपे बुडाजवळ धरून वर घ्या. शेंड्याला धरून ओढू नका. माती हलक्या हाताने झटका, जुडी पायावर आपटू नका. पातीचा वरचा एक तृतीयांश शेंडा कापा, म्हणजे पाण्याचा खर्च कमी होतो. मुळे मात्र बरोबरीत करायची म्हणून कापू नका. जुड्या ओल्या बारदानात, सावलीत ठेवा. उघड्यावरचा वारा तासाभरात मुळे वाळवतो. लावण्यापूर्वी शिफारशीच्या बुरशीनाशकात मुळे बुडवून घ्या. आणि जेवढे आज लावून होईल तेवढेच आज उपटा.

पाचवी, लावण्याची. अंगठ्याने रोप चिखलात दाबताना मूळ दुमडून वर आले, की ते लागले तरी मागे पडते. मूळ खाली सोडा, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. उन्हे कलल्यावर लावा. लागणीबरोबर पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी. वाफ्याच्या कडेला थोडे रोप राखून ठेवा आणि आठ-दहा दिवसांत नांगे भरून घ्या.

जुन्नर-नारायणगावकडचे टोमॅटोवाले ट्रेमधले रोप आणतात, ते मातीच्या गोळ्यासकट रानात जाते, मुळाला कळतही नाही. त्यांना एकराला काही हजार रोपे लागतात, परवडते. आपल्याला अडीच लाख लागतात. आपला ट्रे म्हणजे आपला हात.

शेवटी सगळ्यात कामाचे. एका गावात सगळे एकाच आठवड्यात बी टाकतात, म्हणून सगळ्यांना टोळी एकाच आठवड्यात लागते, म्हणून रोपे म्हातारी होतात आणि म्हणूनच घाई होते. पाच-सहा घरांनी एकत्र या. बी आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाका. उपटायला एकमेकांकडे सावड करा. कारखान्यात पाळी करणारा घरचा पोरगासुद्धा सुटीच्या एका दिवशी येऊ शकतो. सावड हा शब्द आपल्या आजोबांचा आहे, त्याला कुठल्या योजनेची मंजुरी लागत नाही.

इथून उठण्यापूर्वी आपापल्या गावची माणसे एका बाजूला बसा. पाच घरांची नावे लिहा. कोण कधी बी टाकणार ते लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक वाफा मोजून यावे, शंभर रोपांत किती नांगे पडले ते. आकडे आपण इथेच सगळ्यांसमोर वाचू. क्विंटलमागे खर्च किती आला हे सांगताना तो आकडा आपल्या हातात असला पाहिजे, कारण उत्पादनखर्चावर भाव मागणाऱ्याला आपला उत्पादनखर्च स्वतः मोजता आला पाहिजे.