विलीनीकरणाला मतपेटी नाही, मुदत आहे

(खरवई येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी एका मुलाने विचारले, "सर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून एक महानगरपालिका करायची ठरली, तर आपले मत घेतील का?" उत्तर आहे, नाही. आपल्याकडे दोन शहरे एकत्र करताना मतदान घ्यावे, असे कायदा सांगत नाही. मग आपण काय करायचे, तेवढेच आज बोलतो.

हे आपल्या भागात घडून गेले आहे. 1983 साली कल्याण महानगरपालिका झाली, तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातले गेले. 1992 साली दोन्ही बाहेर काढून वेगळ्या नगरपालिका झाल्या. आत जाताना मतदान झाले नाही, बाहेर येतानाही नाही.

विलीनीकरणावर खरोखर मतदान झाले ते गोव्यात, 16 जानेवारी 1967 रोजी. महाराष्ट्रात जायचे की केंद्रशासित राहायचे, हा सवाल होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पाने. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. पण हा कौल घेण्यासाठी संसदेला 1966 मध्ये खास कायदा करावा लागला होता. आणि फूल जिंकले असते, तरी दुसऱ्या दिवशी गोवा महाराष्ट्रात आला नसता. संविधानाच्या कलम 3 प्रमाणे संसदेला पुन्हा कायदा करावा लागला असता. मतदार कौल देतो, हद्द बदलतो तो कायदा.

आता आपल्या शहरांकडे या. नगरपालिकांसाठी 1965 चा कायदा आहे, महानगरपालिकांसाठी 1949 चा. नगरपालिकेची हद्द ठरवण्याआधी सरकारला आपला इरादा राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो. त्यानंतर किमान 30 दिवस कोणीही रहिवासी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देऊ शकतो. हरकतीत कारणे लिहावी लागतात. महानगरपालिकेसाठीही अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करावाच लागतो.

ही नुसती औपचारिकता नाही. 2020 मध्ये सरकारने कल्याण-डोंबिवलीतून 18 गावे वगळली. महानगरपालिकेशी कायद्याप्रमाणे सल्लामसलत झाली नव्हती, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती अधिसूचना रद्द केली. एक पायरी गाळली, की सरकारचाही निर्णय पडतो.

विलीनीकरण झाले, की जुन्या संस्थेची मालमत्ता, कर्ज आणि कर्मचारी नव्या संस्थेकडे जातात. निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार पाहतो. मग प्रभागांचे नकाशे नव्याने निघतात, आणि त्यांवरही हरकती मागवतात. कब्रस्तानची जागा, उर्दू शाळेची दुरुस्ती, गटार, पाणी, हे सगळे कोणत्या नगरसेवकाकडे मागायचे, ते त्या नकाशावर ठरते.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्याचे दोन तुकडे करणारा नकाशा निघाला. आम्ही तीन रात्री चहा पीत तावातावाने बोललो. चौथ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो, तर खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितले, "मुदत काल संपली." नोटीस तिथेच, दाराशेजारी लावलेली होती. आमच्यापैकी एकानेही ती वाचली नव्हती.

म्हणून तुमच्यापैकी दोघांनी जबाबदारी घ्या. दर आठवड्याला नगरपालिकेचा सूचनाफलक आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना पाहा. हरकत लिहाल ती फक्त आपल्या मोहल्ल्यापुरती लिहू नका. शेजारच्या आगरी घरातले काका, चाळीतल्या ताई, सगळ्यांना सोबत घ्या, कारण पाणी सगळ्यांच्याच नळाला येत नाही. एकच मुद्दा, स्पष्ट कारण, नाव, पत्ता, सही. आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मत विचारणार नाहीत, हे खरे. पण म्हणणे ऐकून घ्यावे लागते, हेही तितकेच खरे. ते मुदतीत सांगा.