पट्टीवर काय लिहायचं?

(वाशी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'राजकीय रणनीतीकार आणि भाष्यकार : एक करिअर'. आपल्यापैकी काहींच्या मुलांना याच क्षेत्रात जायचं आहे आणि आईबाप धास्तावले आहेत. ते साहजिकच आहे. आपण शाळेत होतो तेव्हा वाशीला लोकलसुद्धा नव्हती, ती खाडी ओलांडून आली १९९२ मध्ये. त्या वाशीत करिअर म्हणजे इंजिनीअर, डॉक्टर, नाहीतर बँक. निवडणुकीचा सल्ला देऊन घर चालतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो.

वृत्तवाहिनीत चर्चेसाठी पाहुणे ठरवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. पाहुणा खुर्चीत बसला की निर्माता विचारायचा, "पट्टीवर काय लिहायचं?" पडद्यावर नावाखाली जी ओळ येते ती पट्टी. पक्षाचा प्रवक्ता असेल तर प्रश्न नसायचा. अडचण यायची ती कालपर्यंत पक्षाच्या वॉर रूममध्ये बसणाऱ्या आणि आज स्टुडिओत आलेल्या माणसाची. मग सोपा शब्द ठरलेला : 'राजकीय विश्लेषक'. या दोन शब्दांखाली काय काय झाकलं जातं, तेच आज मला सांगायचं आहे.

लेखणी आणि रणनीती यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. प्रमोद महाजन अंबाजोगाईत इंग्रजीचे शिक्षक होते, 'तरुण भारत'मध्ये उपसंपादक होते. पुढे १९८९ ची भाजप-शिवसेना युती जुळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिक्षकाच्या खुर्चीतून माणूस कुठवर जातो, हे आपल्या सर-बाईंना ऐकायला आवडेल! पण महाजनांची पट्टी कायम स्वच्छ होती. ते कुणाचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आजच्या विषयाला जास्त जवळचं उदाहरण सुधींद्र कुलकर्णी यांचं. गाव सीमाभागातलं, बेळगाव जिल्ह्यातलं अथणी. शिक्षण आपल्या शेजारच्या पवईत, आयआयटीमध्ये. तरुणपणी डाव्या विचारांचे, मग मुंबईच्या 'ब्लिट्झ'मध्ये पत्रकार. १९९६ मध्ये भाजपमध्ये गेले. वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांच्या कार्यालयात होते, त्यांच्या भाषणांचं काम करत. पुढे अडवाणींचे निकटचे सल्लागार झाले. जून २००५ मध्ये अडवाणींनी कराचीत जिनांबद्दल जे उद्गार काढले त्यावरून पक्षात वादळ उठलं. त्याची झळ कुलकर्णींनाही लागली. २००९ च्या प्रचारातही ते अडवाणींसोबत होते. पराभवानंतर मात्र त्यांनी 'तहलका'त स्वतःच्या नावानं आपल्याच पक्षाच्या चुकांवर लिहिलं. नंतर पक्षापासून दूर झाले, महात्मा गांधींवर ग्रंथ लिहिला, भारत-पाकिस्तान संवादाचा आग्रह धरला. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसुरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन त्यांनी मुंबईत ठेवलं, तेव्हा शिवसैनिकांनी त्यांच्या तोंडावर शाई फासली. ते तसेच, काळ्या चेहऱ्यानं, पत्रकारांसमोर बसले आणि संध्याकाळी वरळीला कार्यक्रम पार पडला.

या माणसाची मतं कुणाला पटतील, कुणाला नाही. डावीकडून उजवीकडे आणि तिथून आणखी तिसरीकडे, म्हणून कुणी त्यांना चंचलही म्हणेल. पराभव झाल्यावरच चुका कशा दिसल्या, हा प्रश्नही रास्त आहे. पण एक गोष्ट मी त्यांच्या बाजूनं नोंदवतो. प्रत्येक वळण उघड्यावर घेतलेलं आहे. कोणत्या वर्षी ते कुणासाठी काम करत होते, हे वाचकाला कळू शकतं, आणि त्यानुसार त्यांच्या लिखाणातलं किती घ्यायचं, किती सोडायचं हे त्याला ठरवता येतं. मत बदलणं हा गुन्हा नव्हे. कुणाचं मीठ खातो हे लपवून निःपक्षपातीपणाचा आव आणणं, ही फसवणूक आहे.

दुसरी गोष्ट, या धंद्यातल्या आत्मविश्वासाची. २००४ मध्ये 'इंडिया शायनिंग'चा गाजावाजा झाला, निवडणुका काही महिने आधी घेतल्या गेल्या, आणि निकालात काँग्रेस १४५, भाजप १३८. अलीकडचंच पाहा. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. पाचच महिन्यांनी विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीनं घेतल्या. दोन्ही वेळा निकालानंतर त्याच खुर्च्यांवरून, त्याच ठाम आवाजात "हे होणारच होतं" असं सांगितलं गेलं. गणिताच्या तासाला उत्तर पाहून मागून पायऱ्या लिहिणाऱ्याला बाई किती गुण द्यायच्या, आठवतं ना?

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना माझं सांगणं थोडकं आहे. काम वाईट नाही. मतदार याद्या वाचणं, बूथनिहाय आकडे मांडणं, गावात जाऊन लोकांचं ऐकणं, यात खरी विद्या आहे. पण सल्लागार हा वकिलासारखा असतो आणि भाष्यकार साक्षीदारासारखा. एकाच खटल्यात दोन्ही होता येत नाही. एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायचं असेल तर लोकांना सांगून बसा. पैसे थोडे कमी मिळतील, पण शब्दाला किंमत राहील.

आणि आपल्यासाठी? आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गेल्या निवडणुकीत दोघं जण तो सोडून गेले. एकाच बाकावर दहा वर्षं डबा वाटून खाल्लेली माणसं, आणि भांडण कशावरून, तर ज्याचं नावही दोघांना धड माहीत नव्हतं अशा एका 'विश्लेषका'च्या व्हिडिओवरून. असा व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा माणूस आधी कुणासाठी काम करत होता? आज त्याला पैसे कोण देतं? आणि स्वतःच्या बाजूविरुद्ध तो शेवटचं कधी बोलला? उत्तरं मिळाली नाहीत, तर व्हिडिओ तिथंच राहू द्या.

ते दोघंही आज या सभागृहात आले आहेत, वेगवेगळ्या रांगांत बसले आहेत. जेवणाच्या वेळी त्यांना एकाच टेबलावर बसवायची जबाबदारी मी मॉनिटरवर सोपवतो. राजकारणावर भांडू द्या हवं तर, पण स्वतःच्या मतांवरून.