बटाटा, उपग्रह आणि चुकलेली वाट
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं असं ठरलं, तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, माझ्या नोकरीबद्दल ऐकलंत तर जेवणाआधीच झोप लागेल तुम्हाला. वीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. त्यापेक्षा माझ्या छंदाबद्दल बोलते. त्या छंदात मी एक मोठी चूक केली, आणि त्या चुकीचा संबंध थेट आपल्या नववीच्या वर्गाशी आहे.

आठवतंय का, भूगोलाच्या सरांनी एकदा वर्गात बटाटा आणला होता? अर्धा कापून टेबलावर पालथा ठेवला, त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि एकेक चकती फळ्यावर धरून खडूने कड आखली. म्हणाले, "ही झाली समोच्चरेषा. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, भाजी कधी?" आणि वर्ग हसत सुटला. तो कोण, हे त्याला माहीत आहे. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय.

त्याच सरांनी चाचणीत माझे दोन गुण कापले होते. नकाशा वाचून उत्तरं बरोबर लिहिली होती, पण नकाशा कोणत्या वर्षाचा हे लिहायला विसरले. मी घरी जाऊन रडले होते. सर, ते दोन गुण मी विसरले नव्हते, पण त्यांचा अर्थ मला तीस वर्षांनी कळला.

आता छंदाकडे वळते. मी आणि नवरा गेली पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकतो. माझ्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स ३० आहे, मुठीत मावणारं जीपीएस यंत्र. दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं, पावसात भिजलं तरी चालतं. त्याच्यात येणाऱ्या नकाशात मात्र आपल्या डोंगरांत जवळजवळ काहीच नसतं. पांढऱ्या कागदावर एक बाण, तो म्हणजे आपण. म्हणून त्या कोऱ्या पडद्यावर उपग्रहाचं चित्र घालायचं मी ठरवलं, तेही फुकट.

हे जमतं. कसं ते थोडक्यात सांगते, म्हणजे कुणाला करावंसं वाटलं तर करता येईल.

युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह २०१५ पासून पृथ्वीची चित्रं घेताहेत आणि ती कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, आपला भाग निवडायचा, ढग नसलेली तारीख शोधायची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर फक्त कापूस दिसतो, म्हणून नोव्हेंबरपासून पुढचं चित्र घ्यायचं. मग क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा हे तीन पट्टे एकत्र करायचे, हवा तेवढा भाग कापायचा आणि अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, बदलून घ्यायचा. त्याचे जेपीईजी तुकडे करून, प्रत्येक तुकड्याच्या चारी कडा कुठे येतात ते सांगणारी केएमझी फाइल बनवायची आणि ती यंत्राच्या 'कस्टममॅप्स' या फोल्डरात टाकायची. झालं.

इथे एक हिशोब गमतीचा आहे. यंत्र एक तुकडा १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा घेतं, आणि असे १०० तुकडे. सेंटिनेलचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. म्हणजे एका तुकड्यात साधारण दहा किलोमीटर लांब-रुंद मुलूख मावतो. आपला सगळा तालुका आणि घाटाखालचं कोकण त्या मुठीएवढ्या डबीत आरामात बसतं.

पहिल्यांदा केलं तेव्हा पडदा कोराच राहिला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कळलं, मी जेपीईजी 'प्रोग्रेसिव्ह' प्रकारात साठवली होती आणि यंत्राला साधाच प्रकार चालतो. इंजिनिअर असून तीन संध्याकाळी! घरात अजून चिडवतात.

पण चौथ्या संध्याकाळी चित्र उमटलं. धरणाची भिंत, ओढे, सड्याची पिवळट सपाटी, भाताची खाचरं. १० मीटरच्या ठिपक्यात पायवाट दिसत नाही, पण जंगल कुठे संपतं आणि माळ कुठे सुरू होतो ते स्वच्छ दिसतं. मला वाटलं, आता वाटाड्याची गरज संपली.

इथून चुकीला सुरुवात झाली.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सहाजण घाटमाथ्यावरून एका जुन्या वाटेने कोकणात उतरायला निघालो. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. वरच्या वाडीत विचारा असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, कशाला? चित्रात कड्याच्या पश्चिमेला गडद हिरवा-काळा पट्टा दिसत होता. मी त्याचा अर्थ लावला : दाट झाडी. झाडी म्हणजे माती, माती म्हणजे पाय टेकण्याइतका उतार. चला.

दुपारी चारला आम्ही त्या पट्ट्याच्या काठावर पोचलो. झाडी नव्हतीच. सरळ तुटलेला कडा होता. यंत्र सांगत होतं, खालचं गाव १.१ किलोमीटर. ते आडवं अंतर, सरळ रेषेतलं. खाली किती उतरायचं ते त्यात नाही. मुलगी दोन पावलं पुढे गेली आणि तिच्या पायाखालची घसाऱ्याची माती सुटली. तिने कारवीचा झुडपा धरला म्हणून ती बसल्या जागी थांबली. खाली गेलेले दगड आपटल्याचा आवाज यायला वेळ लागला. तो वेळ मी अजून मोजते.

मागे फिरताना गुरं घेऊन परतणाऱ्या एक आजी भेटल्या. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र पाहिलं, चित्र पाहिलं आणि विचारलं, "यात खोली दिसती का गं पोरी?" मी म्हटलं, नाही आजी. "मग कशाला चालली होतीस?" त्या रात्री आम्ही त्यांच्याच ओसरीवर झोपलो. खरी वाट अर्ध्या तासावर, उत्तरेच्या खिंडीतून होती. सकाळी त्यांच्या नातवाने दाखवली.

घरी आल्यावर मी चित्र पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदा त्याची तारीख नीट पाहिली. जानेवारी. हा उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. थंडीत तेव्हा सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो. आपले कोकणकडे पश्चिमेला तोंड करून उभे. म्हणजे ते त्या वेळी सावलीत असणारच! मी ज्याला जंगल समजले ती कड्याची सावली होती. तारीख वाचली असती आणि दोन मिनिटं विचार केला असता, तर कळलं असतं.

सर, हेच ते दोन गुण.

आता मी वेगळ्या पद्धतीने करते. एकाच जागेची दोन चित्रं ठेवते, एक डिसेंबरचं आणि एक एप्रिलचं. एप्रिलमध्ये सूर्य वर असतो, सावल्या आखडतात. पानगळीचं रान उघडं पडतं, सदाहरित राई तेवढी हिरवी राहते. कोणतं तळं आटलंय तेही कळतं. फाइलच्या नावातच तारीख लिहिते. आणि चित्रावर समोच्चरेषा काढते. २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने जमिनीच्या उंचीची मोजणी केली होती, ती माहितीही मोफत मिळते. क्यूजीआयएस तिच्यातून २० मीटरच्या अंतराने रेषा आखून देतं. रेषा एकमेकींना चिकटल्या की मी थांबते. ही उंचीही साधारण ३० मीटरच्या चौकोनाची असते, त्यामुळे लहान कडा तिच्यातून निसटतो. म्हणून वाडीत विचारल्याशिवाय उतरत नाही.

पहिल्यांदा त्या रेषा पडद्यावर आल्या तेव्हा मुलीला हाक मारली आणि स्वयंपाकघरातून बटाटा आणला. मुलीने चकत्या बघितल्या, पडदा बघितला आणि म्हणाली, "आई, हे तुला नववीतच माहीत होतं?" काय उत्तर देणार?

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. उपग्रहाच्या चित्रात सगळं असतं, फक्त नावं नसतात. त्या आजींनी मला एका रात्रीत अकरा नावं सांगितली : खिंडीचं, पाणवठ्याचं, बैल पडला होता त्या टेपाडाचंसुद्धा. कोणत्याही नकाशात ती मला सापडली नाहीत. गेल्या वर्षी आजी गेल्या. अकरा नावं माझ्या यंत्रात आहेत, बाकीची त्यांच्याबरोबर गेली.

तुमच्यापैकी कितीतरी जण अजून गावात राहता. कितीकांचे वडील, काका, सासूबाई त्या वाटांनी बाजाराला गेलेल्या आहेत. दिवाळीत घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा, नावं विचारा आणि मला पाठवा. जागा कुठली हे फोनवर समजावलंत तरी चालेल, नकाशावर मी शोधेन. सगळी गोळा करून आपल्या तालुक्याची फाइल मी शाळेला देणार आहे. मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्गासमोर एक तास द्यायचं कबूल केलंय.

बटाटे मी आणीन. सर, चकत्या मात्र तुम्ही करायच्या.